कोंडवाडा आणि कुरण

माझे आजोबा धुळे जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी कोंडवाड्याची राखण करीत. दुसऱ्याच्या शेतात किंवा राखीव जंगलात शिरलेले जनावर तिथे आणून कोंडायचे आणि मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरला की सोडायचे. त्यांची एक वही आमच्या ट्रंकेत बरीच वर्षे होती. ‘तांबडी गाय, डावे शिंग मोडके, दिवस तीन.’ ‘मेंढ्या अकरा, मालक फिरता.’ कविता लिहू लागलो तेव्हा मी ती वही त्यातल्या वर्णनांसाठी वाचत असे. पन्नाशी ओलांडल्यावर तीच वही मला खानदेशच्या मातीचा इतिहास वाटू लागली आहे.

‘मालक फिरता’ हे दोन शब्द पाहा. कधी काळी इथे फिरणे हाच जनावरे पाळण्याचा रिवाज होता. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला, तेव्हा लढायांची धामधूम, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे कित्येक गावे ओस पडली होती. शेतांवर गवत आणि झाडी माजली होती. सरकारी दप्तराने या मुलखाला उजाड म्हटले. गुरे पाळणाऱ्याला मात्र तेच गवत म्हणजे दौलत होती. खिल्लार शब्दाचा मूळ अर्थच गुरांचा कळप, आणि तापी खोऱ्यातले खिल्लार बैल नावाजलेले होते. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरत, कोकणाकडे जात आणि पावसाळ्याच्या तोंडी परतत. आजही त्यांतले अनेक जण जातात. वाटेतला शेतकरी त्यांच्या मेंढ्या रात्री आपल्या शेतात बसवून घेतो आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो.

या फिरण्यात एक गोष्ट आपोआप होत असे. कळप पुढे गेला की मागचे गवत विसावा घेई.

हा विसावा जमिनीच्या पोटात काय करतो, ते समजून घेऊ. गवत हवेतला कर्बवायू घेऊन वाढते आणि त्यातला मोठा वाटा मुळांत साठवते. मुळे मरतात, पात कुजते, शेण पडते. सूक्ष्मजीव त्यावर जगतात आणि काही कर्ब मातीच्या कणांना धरून राहतो. जनावराने वरचे पाते खुडले तर गवत पुन्हा फुटते. पण फुटण्याआधीच पुन्हा खुडले, पुन्हा तुडवले, तर मुळे आखडतात, माती उघडी पडते आणि पहिल्याच वळवाबरोबर वाहून जाते. आमच्या माळावर पवना आणि मारवेल ही सकस गवते. चराई अति झाली की ती हटतात आणि कुसळ माजते. माळाची तब्येत पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, धोतराला चिकटलेली कुसळेही सांगतात.

मग विसावा गेला कुठे? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात खानदेशातून आगगाडी धावली. गवताळ जमिनी नांगराखाली गेल्या. नांगराने माती उलटली की तिच्यातला साठलेला कर्ब सूक्ष्मजीव झपाट्याने खातात आणि तो पुन्हा हवेत जातो. त्यानंतर १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आणि १८७८ चा जंगल कायदा आला. चराईला परवाना, फी आणि बंदी आली. जनावरे कमी झाली नाहीत, त्यांच्या वाटा कमी झाल्या. ती गावाच्या उरल्यासुरल्या गायरानावर बारा महिने उभी राहिली. गवताचे दुःख किती खोल होते ते १९३० साली दिसले. १० जुलै रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला.

चराईने जमीन खराब होते, हे जंगल खात्याचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. पण दोष जनावराच्या तोंडाचा की कोंडलेपणाचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. माझे आजोबा मात्र म्हणत, “ढोरेस्नी काय चूक शे? वाटच बुजी गयी.”

अलीकडे विज्ञानानेही हा प्रश्न विचारला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुमंत बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या स्पितीत काही कुरणे कुंपण घालून जनावरांना बंद केली, शेजारची उघडी ठेवली आणि सोळा वर्षे माती तपासली. २०२२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. जनावरांविना राहिलेल्या मातीतल्या कर्बाचा वर्षावर्षाचा चढउतार तीस ते चाळीस टक्के अधिक होता. म्हणजे चरणारी जनावरे तो साठा स्थिर राखतात. स्पितीचा थंड माळ आणि धुळ्याचा तापलेला माळ एक नव्हेत, हे खरे. रवंथ करणारे जनावर मिथेन वायूही सोडते, तेव्हा सगळा हिशेब जमेचाच आहे असेही नाही. तरी ‘जनावर हटवा, जमीन सुधारेल’ इतके ते सोपे नाही, एवढे नक्की.

नियम हवेतच, पण ते कोणाचे? साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ११०० एकर जंगल राखले. कुऱ्हाड आणि चराईवरचे निर्बंध गावाने स्वतः ठरवले. आटलेले झरे परत आले. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. तिथेही जमिनीला विसावाच मिळाला, पण तो गावाच्या संमतीने.

तापीकाठची आपली काळी माती पाहून आपण समजतो की ती श्रीमंत आहे. रंगावर जाऊ नका. माती परीक्षणाच्या पत्रिकेत ‘सेंद्रिय कर्ब’ असा रकाना असतो. तिथला आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर तो कमी मानतात. जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याने तो जरूर वाचावा. आणि दिवाळीनंतर शेताच्या बांधावर घोडे आणि मेंढ्या दिसल्या, तर हाकलण्याआधी एक रात्र बसायचे विचारावे.

आजोबांची ती वही पुढे वाळवीने खाल्ली. आता तिचीही माती झाली आहे. गावचा कोंडवाडाही पडला, फक्त दगडी चौथरा उरला आहे. गेल्या पावसाळ्यानंतर गेलो, तर त्या चौथऱ्याच्या आत गुडघाभर मारवेल उभे होते. तिथे वर्षानुवर्षे कोंडलेल्या जनावरांच्या शेणावर ते वाढले असावे. एक शेळी भिंतीच्या खिंडारातून आत शिरली, चार घास खाऊन बाहेर पडली आणि पुढे निघून गेली. तिची नोंद करायला कोणी नव्हते.