विजयदुर्गाच्या खाडीतला तो तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठ्यांच्या आरमारी लढायांवर बोला, असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्यांची अपेक्षा काय असते ते मला ठाऊक असतं. खांदेरी, कुलाबा, कान्होजी आंग्रे. इंग्रजांची दाणादाण आणि पोर्तुगीजांची फजिती. हे सगळं खरंच आहे. पण आज या लढायांच्या वाटेनं मला आणखी एका लढाईपर्यंत जायचं आहे. तिच्याविषयी बोलताना आपला आवाज जरा खाली येतो.

आधी खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर हे छोटं बेट आहे. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मायनाक भंडारी तिथं तट उभारू लागला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण इंग्रजांची जहाजं मोठी, शिडांवर चालणारी. वारा पडला की जागच्या जागी डुलत राहायची. आपली गलबतं वल्ह्यांची, उथळ बुडाची. अंधाराचा फायदा घेऊन, वेढ्यातून वाट काढून ती बेटावर सामान पोचवीत.

ऑक्टोबरात दौलतखानानं नागावकडून येऊन इंग्रजांवर थेट हल्ला केला. ‘डव्ह’ नावाचं गुराब मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ या जहाजानं मात्र तोफांचा असा मारा केला की आपल्या गलबतांना मागं फिरावं लागलं. म्हणजे त्या दिवसाचा हिशेब मांडला तर मैदान कुणी मारलं हे सांगणं कठीण. पण बेट? बेट आपल्याकडेच राहिलं. पुढच्या वर्षी इंग्रजांनी तह केला आणि आपली जहाजं काढून नेली. समुद्रावरची लढाई किती जहाजं बुडाली यावर मोजायची नसते, हे मी खांदेरीवरून शिकलो.

कान्होजींच्या काळात तर हे तंत्र पुरतं मुरलं होतं. वारा पडला की गलबतांनी गुराबांना दोर लावून ओढायचं, शत्रूच्या पिछाडीला जायचं, आधी त्याची शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या. अंगावर आलाच तर किल्ल्याच्या तोफांखाली खाडीत शिरायचं. मोठ्या जहाजाला तिथं पाठलाग करणं अवघड. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. या वेळी इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजं कमोडोर मॅथ्यूज घेऊन आला होता. तरी कुलाबा पडला नाही.

का पडला नाही? इथं थोडं थांबू या. कान्होजींच्या तोफा होत्याच, पण शाहू महाराजांची फौजही किनाऱ्यावर उतरली होती. बाजीराव आणि पिलाजी जाधव घोडदळ घेऊन आले होते. पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतलं आणि मॅथ्यूज चडफडत राहिला. आपल्या आरमाराची पाठ जमिनीला टेकलेली होती आणि ती जमीन आपल्या माणसांच्या हातात होती.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. मुलांत वाटण्या झाल्या, भांडणं झाली. मानाजी कुलाब्याला राहिला, पेशव्यांच्या बाजूला. दक्षिणेकडचा भाग पुढे तुळाजीकडे आला. तुळाजी जबरदस्त दर्यावर्दी. इंग्रजांचं ‘रिस्टोरेशन’ नावाचं मोठं जहाज त्यानं १७४९ मध्ये पकडून आपल्या आरमारात घेतलं. पण तो पेशव्यांना जुमानत नव्हता, त्यांच्या मुलखालाही उपद्रव देत होता. नानासाहेबांची तक्रार खोटी नव्हती. उपाय मात्र त्यांनी मुंबईकरांच्या दारात शोधला. मार्च १७५५ मध्ये करार झाला, एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्गासमोर आली. सोबत पायदळ घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह. जमिनीवर पेशव्यांची फौज. कुलाब्याला जी फौज आरमाराच्या पाठीशी उभी होती, तीच आता समोर होती. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता. तिथून तो परतलाच नाही. त्याचं आरमार वाघोटन खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेलं. बाहेर पडायला वाट नाही, खाली उतरायला किनारा नाही. १२ तारखेला एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. आगीनं शेजारची गुराबं घेतली, मग गलबतं, मग किनाऱ्यावर बांधणीत असलेली जहाजंसुद्धा. जेमतेम तासाभरात सारं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पेशव्यांची फौज आत शिरू नये म्हणून क्लाइव्हनं आपली माणसं आधीच मध्ये आणून उभी केली होती, आणि लूट कशी वाटायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईतच ठरवलं होतं!

‘त्या दिवशी मराठ्यांचं आरमार संपलं,’ असं सर्रास लिहिलं जातं. ते मला पटत नाही. पुढे याच विजयदुर्गात आनंदराव धुळपांनी पेशव्यांचं आरमार उभं केलं आणि १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ पकडलं. पण १७५६ मध्ये जळालेल्या आरमाराची जरब त्याला पुन्हा आली नाही, हेही मान्य करायला हवं.

विजयदुर्गाच्या तटावर मी गेलो की खाडीकडे तोंड करून बसतो. किल्ला परत मिळावा म्हणून पुण्याहून मुंबईला पत्रं जात राहिली. ऑक्टोबर १७५६ मध्ये तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांकडे राहिलं. त्याच महिन्यात वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासहून बंगालकडे निघाले. ‘केंट’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ ही विजयदुर्गावर तोफा डागणारी जहाजं मार्च १७५७ मध्ये चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर उभी होती. जूनमध्ये प्लासी झाली.