आवृत्तिनियंत्रण व परवलीचे शब्द

आवृत्तिनियंत्रण म्हणजे संगणकीय आज्ञावलीतील फेरबदल क्रमवार जतन करण्याची पद्धती. दूरच्या भांडारात फेरबदल नोंदविणाऱ्यास आपले नाव व परवलीचा शब्द सादर करावा लागतो. तो दर वेळी लिहावा लागू नये म्हणून संगणकातच जपून ठेवण्याची प्रथा पडली आणि तिच्याबरोबर चोरीचे भयही आले.

‘सीव्हीएस’ ही प्रणाली हा शब्द ‘.सीव्हीएसपास’ या फाईलमध्ये अक्षरांची केवळ अदलाबदल करून ठेवी. त्याला कूटलेखन म्हणणे कठीणच. ‘सबव्हर्जन’ (१.०, २००४) युनिक्सवर तो उघड मजकुरातच लिहीत असे, तसे करण्यापूर्वी वापरणाऱ्यास विचारण्याची सोय १.६ या आवृत्तीत (२००९) झाली.

लिनस टॉरवॉल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्मिलेल्या ‘गिट’ने १.७.९ या आवृत्तीपासून (२०१२) हे काम स्वतंत्र साहाय्यक आज्ञावलींवर सोपविले. गिट त्यांना यजमान संगणकाचे नाव इ. तपशील ओळीओळीने कळविते. साहाय्यकांना क्रमाने विचारले जाते व नाव आणि शब्द दोन्ही मिळताच शोध थांबतो. ‘कॅश’ हा साहाय्यक ते स्मृतीत सामान्यतः १५ मिनिटे राखतो, ‘स्टोअर’ मात्र उघड फाईलमध्ये. ओळींवरील ही भिस्त २०२० मध्ये अंगाशी आली. पत्त्यात दडविलेल्या नव्या ओळीच्या चिन्हामुळे एका यजमानासाठीचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती पडू शके. एप्रिलमध्ये २.२६.१ ही आवृत्ती काढून हा दोष दूर करण्यात आला. ‘गिटहब’ने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या व्यवहारांसाठी खात्याचा परवलीचा शब्द स्वीकारणे बंद केले, त्याऐवजी मागे घेता येणारी टोकने द्यावी लागतात. साहाय्यकांच्या फाईलींत आता तीच साठतात.