वॉशिंग मशीन दुरुस्ती (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

घरगुती कपडे धुण्याच्या आणि पिळण्याच्या यंत्रांतील बिघाड शोधून तो दूर करण्याचे काम. ‘धुलाई यंत्र’ हा शब्द पाठ्यपुस्तकातच राहिला. बोलण्यात नुसते ‘मशीन’. ‘ड्रायर’ला मात्र या भागात स्वतःचा अर्थ आहे. गरम हवेने कपडे वाळवणारे स्वतंत्र यंत्र इथल्या घरांत क्वचितच असते. ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला पिळण्याचा लहान टब. ‘ड्रायर फिरत नाही’ असा फोन आला की मेकॅनिक कंडेन्सर आणि ब्रेकची तार पिशवीत टाकून निघतो, हीटरचा विचारही करत नाही.

या भागातले बरेचसे ‘बिघाड’ मशीनमध्ये नसतातच. पाणी, मोरी आणि प्लग या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. पाना त्यानंतर हातात घ्यावा.

पाणी. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे, तर ठाण्याला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी व मुंबई महापालिका अशा वेगवेगळ्या वाटांनी पाणी येते. पुरवठा ठरावीक तासांचा असल्याने मशीन भरते ते गच्चीवरच्या टाकीतून. टाकीच्या उंचीच्या दर 10 मीटरला सुमारे 1 बार दाब मिळतो. म्हणजे टाकीखाली 3 मीटरवर असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर जेमतेम 0.3 बार, आणि अनेक फ्रंट लोड मशीनना किमान तेवढा तरी लागतोच. मशीन पाणी घेत नाही, एलजीच्या पडद्यावर ‘आयई’ उमटते आणि घरमालकाला वाटते की मशीन गेले. इनलेट पाइप काढून बादलीत धार पाहिली की खरे काय ते कळते. धार जोरदार असेल, तर पाइपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवावी. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की ती गाळाने बुजते. धरणाचे पाणी मृदू असते. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते, तिथे हीटरवर पांढरा थर चढतो.

मोरी. जुन्या डोंबिवलीतल्या घरांत मशीन मोरीच्या कठड्याला टेकून उभे असते. पंप असलेल्या मशीनचा आउटलेट पाइप साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर अडकवायचा असतो. तो मोरीत खाली सोडला की सायफन तयार होतो. जितके पाणी भरते तितके वाहून जाते आणि मशीन तासभर भरतच राहते. पंप नसलेल्या टॉप लोडचे याच्या उलट. त्याचा पाइप कठड्यावरून नेला की पाणी निघत नाही. हा दोष नव्या भाडेकरूच्या घरात हमखास सापडतो.

वीज. हीटर असलेल्या मशीनला 16 अँपिअरचा सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर ते चालवले की बोर्ड वितळतो. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मशीनपेक्षा अर्थिंगवर संशय घ्यावा. इलेक्ट्रॉनिक मशीनमधल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसताना पत्र्यावर थोडा विद्युतदाब राहतो आणि टेस्टर पेटतो. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार अनेकदा नावापुरतीच असते. एकाच रात्री एका विंगमधली चार-पाच मशीनची पीसीबी (सर्किट बोर्ड) जळाली, तर दोष तुटलेल्या न्यूट्रलचा समजावा: 230 व्होल्टच्या जागी 400 व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो.

ड्रायर. झाकण लावले, टायमर फिरवला, मोटर घुमते पण टब जागचा हलत नाही, ही नेहमीची तक्रार. कारणे बहुधा दोन, आवाज मात्र सारखाच. प्लग काढून, झाकण बंद ठेवून, खालून मोटरची कपलिंग हाताने फिरवावी. मोकळी फिरली तर कंडेन्सर गेला. अडली तर ब्रेक सुटत नाही: झाकण लावल्यावर ब्रेक ओढून धरणारी तार तुटली किंवा सैल झाली आहे. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून थेट ‘मोटर जळाली’ म्हणणारा मेकॅनिक दाराबाहेर ठेवलेला बरा. कंडेन्सर मोटरच्या मानाने फारच स्वस्त असतो, पण बंद मशीनमध्येही त्यात भार साठलेला राहू शकतो, म्हणून उघड्या हाताने त्याला शिवू नये.

फ्रंट लोड. पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर आली तर बेअरिंग गेले. सील झिजून पाणी आत शिरते आणि गंज चढतो. ड्रम वर-खाली हलवून पाहावा, खडखडला तर खात्री. टब स्क्रूने जोडलेला असेल तर बेअरिंग बदलता येते. हल्ली अनेक मॉडेलांत तो कायमचा जोडलेला असतो आणि अख्खा टबच घ्यावा लागतो. हीटर मल्टिमीटरने मोजावा: 2000 वॅटच्या हीटरचा रोध 26 ओहमच्या आसपास येतो. पाणी निघत नसेल तर खालचा फिल्टर उघडावा. त्यात नाणी, हेअरपिना आणि लगदा झालेले लोकलचे तिकीट निघते. एकटी सोलापुरी चादर टाकली की ड्रमचा तोल जातो. त्याला बिघाड म्हणू नये.

उंदीर हे तळमजल्याचे स्वतंत्र प्रकरण. उघड्या बुडातून ते शिरतात आणि तारा कुरतडतात. बुडाला जाळी ठोकणे एवढाच उपाय.

पूर. 26 जुलै 2005 रोजी आणि जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या काठी तळमजल्यांत पाणी शिरले. बुडालेले मशीन सुरू करून पाहू नये. फ्रंट लोडमध्ये मोटर, पंप व हीटर खाली, तर पीसीबी बहुधा वर असते. त्यामुळे गुडघाभर पाण्यात उभे राहिलेले मशीन पुष्कळदा वाचते. गाळ गोड्या पाण्याने धुवून, काही दिवस वाळवून, मेगरने मोटरच्या इन्सुलेशनचा रोध तपासावा. तो 1 मेगओहमपेक्षा कमी आला तर मोटर जोडू नये.

सुटे भाग. स्थानिक दुकानात न मिळालेला भाग मुंबईत लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोडवर शोधतात. व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. तिच्या जुन्या मशीनना मिळताजुळता भागच बसवावा लागतो. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात घरगुती उपकरणेही आहेत.

दुरुस्तीपलीकडचे मशीन ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 नुसार अधिकृत पुनर्चक्रणाकडे जायला हवे. प्रत्यक्षात ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. तो मोटरची तार पात्याने खरवडतो: लाल निघाली तर तांबे, पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम, आणि भाव त्यावर ठरतो.