हाडांवर उमटलेला इतिहास : मुले आणि थायरॉइडचे औषध

१/ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. मुलांमध्ये शोधावयाच्या तीस व्याधींच्या यादीत अगदी अखेरीस, ऐच्छिक म्हणून, जन्मजात थायरॉइडन्यूनतेची नोंद होती. या व्याधीवरील औषधाला तोवर शतक उलटून गेले होते.

२/ थायरॉइड म्हणजे गळ्यातील अवटू ग्रंथी. तिचा स्राव जन्मापासून कमी असेल, तर हाडे वेळेवर घडत नाहीत, उंची खुंटते आणि बुद्धीचा विकास मंदावतो.

३/ १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला. ती पुढे आणखी २८ वर्षे जगली. लवकरच हा उपचार मुलांवरही होऊ लागला. खुंटलेली मुले वाढू लागली. उशिरा औषध मिळालेल्यांची बुद्धी मात्र तितकी सावरली नाही.

४/ १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले. १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. अर्काचा गुण कमीअधिक असे. आता नेमकी मात्रा देण्याचा मार्ग खुला झाला.

५/ पण मुलाला मात्रा मानवते आहे, हे ओळखायचे कसे? एक साक्ष हाडांनी दिली. १९५० मध्ये ग्रॉयलिक व पाइल यांनी हाताच्या क्ष-किरण चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्याशी ताडून मुलाच्या ‘हाडांचे वय’ काढता येऊ लागले. औषध कमी पडले, तर हे वय मागे राहते. दीर्घकाळ जास्त झाले, तर ते पुढे धावते, वाढीचा काळ आखूड होतो. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधेही अकाली जुळू शकतात. म्हणून औषध बंद करायचे नसते. रक्ततपासणी, वजन व उंची पाहून मात्रा बदलत राहावी लागते.

६/ हाडांची मागे पडलेली वाढ उपचाराने बरीचशी भरून निघते. मेंदूला तेवढी सवड नसते. त्यातच आईचा स्राव गर्भात पोहोचत असल्याने बाळ जन्मतः बहुधा निरोगीच दिसते. यावरचा उपाय १९७०च्या दशकात कॅनडातील क्युबेक येथे झॉं दुसो यांनी रूढ केला : नवजाताच्या टाचेतील रक्ताचा थेंब कागदावर टिपून तपासणे.

७/ मुंबईत हे काम डॉ. मीना देसाई व सहकाऱ्यांनी हाती घेतले. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (स्थापना १९२९) ही त्यांची कर्मभूमी. विकसनशील देशात अशी तपासणी करताना येणाऱ्या अडचणींवरील त्यांचा लेख १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईतील पाहणीत साधारण अडीच ते पावणेतीन हजार नवजातांमागे एक बाळ या व्याधीचे आढळले.

८/ आता ठाणे जिल्ह्याचा नकाशा पाहा. भिवंडी तालुक्यातील वडपे हे गाव मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. परळहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे. तिथे आज जन्मलेल्या बाळाला ही व्याधी असेल, तर औषधाची एक छोटी गोळी त्याची उंची आणि बुद्धी दोन्ही राखू शकते. त्यासाठी टाचेतला तो थेंब पहिल्या काही दिवसांत घेतला जायला हवा, आणि निकाल सदोष आल्यास ते घर शोधून काढणारे कोणीतरी हवे. यादीतला ‘ऐच्छिक’ हा शब्द त्या घरासाठी फार महागात पडू शकतो.