रोटरी इंजिनाचं ‘रनिंग’ कसं करतात? घरी बांधलेल्या विमानासाठी पहिले काही तास इतके महत्त्वाचे का असतात?

नवी बाइक घेतली की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, “पहिले हजार किलोमीटर पळवू नको, गाडी रनिंगमध्ये आहे.” बोअर करून आणलेल्या इंजिनालाही जळगाव-धुळ्याचे मेकॅनिक हाच नियम लावतात. पण तेच इंजिन विमानात बसवायचं असेल तर? रस्त्यावर इंजिन जॅम झालं तर गाडी कडेला घेता येते. आकाशात कडेला घ्यायला जागा नसते.

खानदेशासाठी हा विषय दूरचा नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये त्याची चाचणी उड्डाणं झाली ती धुळ्यात, गोंदूरच्या धावपट्टीवर. अशा प्रत्येक विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधी इंजिनाची परीक्षा होते. आणि घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये एका वेगळ्याच इंजिनाची बरीच चर्चा असते. ते म्हणजे रोटरी इंजिन.

रोटरी म्हणजे नेमकं कोणतं इंजिन?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही ‘रोटरी’ म्हणायचे. त्यात सिलिंडरांसकट अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं. आज रोटरी म्हटलं की अर्थ होतो वँकेल इंजिन. जर्मन इंजिनिअर फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चाललं. पुढे जपानच्या माझदाने ते गाड्यांमध्ये रुजवलं.

यात वर-खाली होणारा पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर लंबगोलासारख्या पोकळीत फिरतो. पेट्रोल-हवा आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं त्याच्या तीन बाजूंवर आळीपाळीने होतात. माझदाचं ‘१३बी’ इंजिन १३०८ सीसीचं आहे. त्यात मुख्य फिरणारे भाग फक्त तीन, दोन रोटर आणि एक शाफ्ट. आकाराने छोटं, कंप कमी आणि वजनाच्या मानाने ताकद जास्त. म्हणूनच विमान बांधणाऱ्यांना ते आवडतं.

महाराष्ट्राशी त्याचा काय संबंध?

त्यासाठी धुळ्याहून नगरला जावं लागतं. अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. लष्करासाठी बनवलेल्या ‘निशांत’ या मानवरहित विमानाला आधी आयात केलेलं वँकेल इंजिन होतं. त्याला देशी पर्याय बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांनी व्हीआरडीईसोबत तयार केला. हे इंजिन सुमारे ५५ हॉर्सपॉवरचं. आतल्या भिंतीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा खास लेप एनएएलने विकसित केला, तर इग्निशन आणि इंधन यंत्रणा व्हीआरडीईने. इंजिन दीर्घकाळ चालवून पाहण्याच्या चाचण्याही नगरलाच झाल्या. एप्रिल २००९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारजवळ ते ‘निशांत’वर उडालं.

या इंजिनासाठी भिंतीचा लेप वेगळा विकसित करावा लागला, कारण रोटरीचं सगळं आयुष्य त्या भिंतीवर आणि तिला घासणाऱ्या सीलवर अवलंबून असतं.

रनिंगमध्ये नेमकं काय बसतं?

रोटरच्या तीन टोकांवर धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. दोन्ही बाजूंना साइड सील आणि कोपऱ्यांत कॉर्नर सील असतात. मागच्या स्प्रिंग या सगळ्यांना भिंतीशी दाबून धरतात. नव्या इंजिनात सील आणि भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांचे पृष्ठभाग एकमेकांशी तंतोतंत जुळलेले नसतात. हळूहळू घासून ते जुळले की दाब गळत नाही. यालाच रनिंग म्हणायचं. घाई केली तर जुळण्याआधीच उष्णता वाढते आणि सील किंवा भिंतीवर चरे पडतात.

विमानाच्या नेहमीच्या पिस्टन इंजिनाचा नियम मात्र जवळपास उलटा आहे. तिथे पिस्टनच्या रिंगांना सिलिंडरच्या भिंतीशी दाबायला जोरदार दाब लागतो. त्यामुळे सुरुवातीचे २५ ते ५० तास मिनरल ऑइल घालून, साधारण ६५ ते ७५ टक्के ताकदीवर उडवायला सांगतात. इंजिन फार हळू चालवलं तर भिंतीवर तेलाचा चकचकीत थर बसतो आणि रिंगा बसतच नाहीत. म्हणजे पिस्टन इंजिनावर मुरलेल्या वैमानिकाची चांगली सवय रोटरीला घातक ठरू शकते.

मग रोटरीचं रनिंग कसं करतात?

नेमक्या तासांबाबत प्रत्येक बांधणारा वेगळा आकडा सांगतो. क्रम मात्र साधारण असा असतो:

१. आधी तेल, मग आग. इग्निशन बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवायचा. तेलाचा दाब आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

२. गरम आणि थंड. पहिल्यांदा काही मिनिटंच चालवायचं. पाणी-तेल गळतंय का आणि पाण्याच्या नळ्यांत हवा अडकली आहे का, ते पाहायचं. मग पूर्ण थंड होऊ द्यायचं. असं अनेकदा करायचं.

३. आरपीएम बदलत राहायचे. एकाच वेगावर तासभर चालवायचं नाही. कमी भारावर वर-खाली करत हळूहळू मर्यादा वाढवायची.

४. पूर्ण ताकद शेवटी. विमान जमिनीला घट्ट बांधून, चाकांना अडण लावून, आधी काही सेकंद आणि मग थोडा जास्त वेळ फुल थ्रॉटल द्यायचा. पंख्याच्या समोर आणि रेषेत कुणीही उभं राहायचं नाही.

५. फिल्टर कापून बघायचा. पहिलं तेल लवकर बदलायचं. थोडा बारीक चुरा असणं अपेक्षित आहे. चकाकणारे तुकडे दिसले तर इंजिन उघडायचं.

वंगणाचीही वेगळी गोष्ट आहे. एपेक्स सीलला तेल थेट ज्वलनाच्या जागेत द्यावं लागतं. गाडीत त्यासाठी छोटा पंप असतो. विमान बांधणारे बरेच जण पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, जुन्या स्कूटरसारखं. हे मिसळायचं राहिलं तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

आणखी एक भाग रनिंगमध्ये असतो, तो म्हणजे गिअरबॉक्स. रोटरीचा शाफ्ट मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतो. पंखा तितका फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातील. म्हणून मध्ये वेग कमी करणारे गिअर लागतात. त्यांचं तेलही तपासायचं असतं.

खानदेशात काय वेगळं?

ऊन. रोटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे. रोटरभोवतीची भिंत ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या प्लेट बिडाच्या असतात, आणि तापल्यावर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. एकदा जरी इंजिन जास्त तापलं, तरी मधले पाण्याचे सील निकामी होऊ शकतात. आतला रोटर तेलाने थंड होतो, त्यामुळे पाण्याच्या रेडिएटरइतकाच ऑइल कूलर महत्त्वाचा. त्यातच जमिनीवर उभ्या विमानाला उडताना मिळतो तसा वारा मिळत नाही. म्हणून मे महिन्यात जळगाव-धुळ्यात हे काम भल्या पहाटे, विमानाचं तोंड वाऱ्याकडे करून करणंच शहाणपणाचं.

दुपारी दुसरी अडचणही वाढते. समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवरच्या धावपट्टीवर पारा ४३ अंशांना गेला की हवा एवढी विरळ होते की विमानासाठी ती धावपट्टी जणू महाबळेश्वरच्या उंचीवर असते. इंजिनाची ताकद घटते आणि जमीन सोडायला जास्त अंतर लागतं. शिवाय काळ्या मातीची धूळ आहेच. नव्या सीलमध्ये ती पॉलिश पेपरसारखं काम करते, म्हणून चांगल्या एअर फिल्टरशिवाय इंजिन सुरूच करायचं नाही.

रनिंग झालं, हे कसं कळतं?

घड्याळावरून नाही, मोजमापावरून. रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन वेगवेगळं मोजतात. तिन्ही आकडे चांगले आणि जवळपास सारखे हवेत. एक बाजू मागे असेल तर तिथलं सील बसलेलं नाही. सोबत पूर्ण ताकदीवर तापमान आणि तेलाचा दाब स्थिर राहायला हवा.

त्यानंतरही विमान लगेच प्रवासाला निघत नाही. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला प्रमाणित इंजिन-पंख्याची जोडी असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४० तास ठरावीक भागातच चाचणी उड्डाणं करायची पद्धत आहे. गाडीचं रोटरी इंजिन दुसऱ्या गटात येतं. भारतातही डीजीसीएची परवानगी हातात आल्याशिवाय असं विमान उडवता येत नाही.

टेकऑफनंतरच्या पहिल्या मिनिटात इंजिन बंद पडलं तर वैमानिकाकडे ना उंची असते, ना वेळ. त्या मिनिटात दगा देऊ शकणारा भाग जमिनीवरच, विमान बांधलेलं असताना उघडा पडावा, यासाठीच हे सगळे तास मोजून खर्च केले जातात.