कोटी आणि कोटिक्रम : जॉन डनची प्रेमकविता

प्रेमाच्या कवितेत हसू आले की प्रेमाचे गांभीर्य गेले, अशी आपली एक समजूत आहे. प्रियकराने उसासे टाकावे, चंद्राला साकडे घालावे, फार तर रुसावे. पण कोटी करू नये! ही समजूत केवळ आपलीच आहे असे नाही. इंग्लंडात ड्रायडनने १६९३ मध्ये जॉन डन या कवीवर हाच ठपका ठेवला होता. स्त्रियांचे मन प्रेमाच्या हळुवार गोष्टींनी रिझवायचे सोडून हा गृहस्थ त्यांना तत्त्वज्ञानाच्या कूटप्रश्नांत गुंतवतो, अशी त्याची तक्रार. पुढे १७७९ मध्ये डॉ. जॉन्सनने या पंथाला 'मेटॅफिजिकल' हे नाव कायमचे चिकटवले, आणि तेही कौतुकाने नव्हे. त्यानंतर शे-सव्वाशे वर्षे डन जवळजवळ अडगळीतच पडला. १९१२ मध्ये ग्रियर्सनने त्याच्या कवितांची चोख आवृत्ती काढली, १९२१ मध्ये एलियटने लेख लिहिला, तेव्हा कोठे वारे फिरले. त्या वाऱ्याची एक झुळूक मराठीपर्यंतही आली. एलियटशी नाते सांगणारे मर्ढेकरांचे उंदीर कवितेत शिरले तेव्हा आपले रसिक कसे बिचकले, हे सर्वश्रुत आहे.

ड्रायडनच्या तक्रारीत डनची थोरवीच सांगितली गेली आहे, असे आम्हांस वाटते. जो कवी स्त्रीला कूटप्रश्न घालतो, तो ती प्रश्न सोडवील असे गृहीत धरतो.

इंग्रजीतील 'विट' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द शोधू गेल्यास पंचाईत होते. पण आपल्याकडे दोन सख्खे शब्द आहेत : कोटी आणि कोटिक्रम. पहिली हसवते, दुसरा पटवतो. डनच्या कवितेत हसवणे आणि पटवणे एकाच दमात चालते. कोटी काढून घेतली तर युक्तिवादच कोसळतो. याचे एक कारण त्याच्या शिक्षणात आहे. १५७२ मध्ये लंडनमध्ये जन्मलेला डन १५९२ पासून लिंकन्स इन या कायद्याच्या विद्यापीठात होता. तेथील तरुणांत कविता छापण्याची रीत नव्हती. ती हस्तलिखितातून मित्रमंडळींत फिरे. डनचा संग्रह छापून निघाला तो १६३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. समोर न्यायाधीश बसला आहे आणि तो हसला तर निम्मा खटला जिंकला, असा या कवितांचा सूर आहे.

त्याची पिसवेवरील कविता घ्या. विषय त्याने शोधलेला नव्हे. १५७९ मध्ये फ्रान्समधील प्वातिए येथे न्यायसभा भरली, तिच्यासाठी पॅरिसचे वकील आले होते. तेथील विदुषी कात्रीन दे रोश हिच्या छातीवर एटिएन पास्किए या वकिलास एक पिसू दिसली, आणि त्या एवढ्याशा जीवावर वकीलमंडळींनी फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशा भाषांतून कवितांचा पाऊस पाडला! १५८२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यात खुद्द कात्रीनचीही कविता आहे, हे विसरू नये.

या परंपरेतील प्रियकराला सहसा आपणच पिसू व्हावे असे वाटते. डनला तसे वाटत नाही. त्याची पिसू आधी त्याला चावते, मग तिला. दोघांचे रक्त तिच्या पोटात एक होते. झाले, लग्न लागले! पिसू हीच आता त्यांची शय्या आणि देऊळ. तिला मारणे म्हणजे तीन हत्या, वर देवळाचा विध्वंस. एवढा शास्त्रार्थ ऐकून ती बाई काय करते? नखाने पिसू चिरडते, आणि आपल्या दोघांचे काय बिघडले, म्हणून विचारते. वकील तिचाच मुद्दा उचलून उलटवतो : पिसू मेल्याने तुझे काही गेले नाही ना? मग माझी झाल्यानेही तेवढीच अब्रू जाईल.

हसताना एक गोष्ट निसटू नये. कवितेत ती स्त्री स्वतःच्या तोंडाने एक शब्द बोलत नाही, तरी खटल्याला वळण देते ती तीच. तिच्या नखाने पूर्वपक्ष मोडला नसता तर उत्तरपक्ष सुचलाच नसता. पेट्रार्कच्या वळणाच्या सुनीतांत प्रेयसी देवी असते. तिची पूजा होते, तिच्याशी वाद होत नाही. अर्थात डनचे सगळेच विनोद या योग्यतेचे नाहीत. स्त्री एकनिष्ठ असूच शकत नाही हे सिद्ध करण्यात त्याने काही कविता खर्ची घातल्या आहेत. त्या मित्रांच्या टाळीसाठी असाव्यात. आम्हांस त्या रुचत नाहीत.

पुढल्या पिढीचा अँड्र्यू मार्व्हेल आपल्या लाजऱ्या प्रेयसीला हिशेबच मांडून दाखवतो. वेळ असता तर तिने गंगेकाठी माणके शोधावीत, याने घरच्या हंबर नदीवर कुरकुरत बसावे. डोळ्यांच्या स्तुतीला शंभर वर्षे, बाकीच्या देहाला तीस हजार. आपण या अंदाजपत्रकाला हसत असतो तोच तो थडग्यातल्या किड्यांकडे बोट दाखवतो.

डनच्या आयुष्यात खटला खराच उभा राहिला. सर टॉमस एजर्टन या बड्या न्यायाधिकाऱ्याचा तो चिटणीस होता. एजर्टनच्या दिवंगत पत्नीची भाची ॲन मोर हिच्याशी त्याने १६०१ च्या डिसेंबरात चोरून लग्न केले. तो एकोणतीस वर्षांचा, ती सतराच्या आसपास. सासऱ्याने जावयाला तुरुंग दाखवला. लग्न लावणारा आणि कन्यादान करणारा हे दोघे मित्रही आत गेले. १६०२ च्या एप्रिलात धर्मन्यायालयाने लग्न वैध ठरवले, पण गेलेली नोकरी परत आली नाही. पुढे कित्येक वर्षे संसार नातलगांच्या व आश्रयदात्यांच्या आधारावर चालला.

सूर्योदयावरील कवितेत डन खिडकीतून डोकावणाऱ्या सूर्याला खडसावतो : जा, शाळकरी पोरांना दटाव, राजाच्या शिकाऱ्यांना वर्दी दे. शिकारवेड्या पहिल्या जेम्स राजाचा हा उल्लेख धरला तर कविता १६०३ नंतरची, म्हणजे दरबाराची दारे बंद झालेल्या डनची ठरते. मसाल्यांची पूर्वेकडील इंडिया आणि खाणींची पश्चिमेकडील इंडिया, दोन्ही माझ्या शय्येवर आहेत, असे तो सांगतो. ही बढाई बेकार माणसाची आहे हे कळले की हसण्याची चव पालटते.

ॲन १६१७ च्या ऑगस्टमध्ये बाराव्या बाळंतपणानंतर वारली. डन तोवर धर्मोपदेशक झाला होता, १६२१ मध्ये तो सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन झाला. १६२३ च्या गंभीर आजारात त्याने ईश्वराला उद्देशून एक स्तोत्र लिहिले. इंग्रजीत 'डन' या उच्चाराचा अर्थ 'उरकले' असा होतो. स्तोत्रात तो देवाला पुनःपुन्हा सांगतो, की तू उरकलेस तरी तुझे उरकलेले नाही, कारण माझ्यापाशी आणखी पापे आहेत. 'आणखी' याला इंग्रजी शब्द 'मोर'. तेच ॲनचे माहेरचे आडनाव. चरित्रकार वॉल्टन सांगतो, की या स्तोत्राला गंभीर चाल लावून घेऊन डन ते संध्याकाळच्या उपासनेत सेंट पॉल्सच्या गायकांकडून गाववून घेई, आणि ऐकत बसे.