चारिका आणि चंक्रमण : चालता चालता चिंतन करण्याची बौद्ध परंपरा

पायी चालणे आणि विचार करणे या दोन गोष्टी बौद्ध परंपरेत कधीच वेगळ्या नव्हत्या. पाली साहित्यात त्यासाठी दोन शब्द येतात. गावोगावी केलेल्या दीर्घ पायी प्रवासाला ‘चारिका’ म्हणतात. ठरावीक जागेत सजगपणे येरझाऱ्या घालण्याला ‘चंक्रमण’ (पालीत चंकम) म्हणतात. चारिकेत माणसे भेटतात, चंक्रमणात आपण स्वतःला भेटतो. आपल्या चळवळीत मोर्चे आणि पदयात्रा पुष्कळ होतात, पण चालताना चिंतन करण्याची सवय मागे पडली आहे. म्हणून या परंपरेची मांडणी आम्ही येथे करत आहोत.

तथागतांची चारिका

संबोधीनंतर तथागत उरुवेलेहून, म्हणजे आजच्या बोधगयेहून, वाराणसीजवळच्या इसिपतनापर्यंत (सारनाथ) पायी गेले. हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. वाटेत त्यांना उपक नावाचा आजीवक भेटला. तुमचा गुरू कोण, असे त्याने विचारले. तथागतांचे उत्तर त्याला पटले नाही आणि तो मान हलवून दुसऱ्या वाटेने निघून गेला. म्हणजे संबोधीनंतर रस्त्यात झालेला हा संवाद सफल झाला नाही, तरीही तथागत पुढे चालत राहिले. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढे साठ अर्हत भिक्खू झाल्यावर त्यांनी सर्वांना बहुजनांच्या हितासाठी चारिकेला पाठवले आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असे सांगितले. पावसाळ्याचे तीन महिने मात्र भिक्खूंनी एका जागी राहायचे. पावसात फिरणारे भिक्खू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली होती. त्यातूनच वर्षावासाचा नियम झाला.

वयाच्या ऐंशीव्या वर्षीही ते राजगृहाहून नालंदा, पाटलिगाम, वैशाली, पावा असे चालत कुसिनाऱ्याला गेले. आजारी होते, वाटेत झाडाखाली बसत होते, आनंदाकडे पाणी मागत होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांच्या प्रवासांची अंतरे मैलांत दिली आहेत, हा सारा प्रवास पायी झाल्याचे नोंदवले आहे आणि अखेरच्या चारिकेसाठी स्वतंत्र खंड ठेवला आहे. बाबासाहेबांचा बुद्ध हा चालणारा, लोकांत मिसळणारा माणूस आहे.

चंक्रमणाचे पाच लाभ

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबचा प्रवास सोसण्याची क्षमता येते, परिश्रमाची तयारी होते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना मिळवलेली समाधी दीर्घकाळ टिकते. या यादीत शरीर आणि मन शेजारी शेजारी आहेत. चंक्रमण करणारा माणूस चारिकेला तयार होतो, हेही त्यातून कळते.

सतिपट्ठानात चालणे हा कायानुपश्यनेचाच भाग आहे. पाय उचलला, पुढे गेला, टेकला, एवढेच जाणायचे. काही वेळाने पाय दुखू लागतो. मग ‘दुखणे आहे’ आणि ‘मला दुखते आहे’ यांतला फरक दिसू लागतो. अनित्य आणि अनात्म हे शब्द व्याख्यानात शंभरदा ऐकलेले असतात. चालताना ते पायापासून सुरू होतात.

अतिरेकाचा धोकाही परंपरेने ओळखला आहे. सोण कोळिविस या श्रीमंत घरातल्या भिक्खूने इतके चंक्रमण केले की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचे उदाहरण दिले. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा वाजत नाही. याच प्रसंगात भिक्खूंना एकेरी तळाच्या वहाणा वापरायची परवानगी मिळाली.

चालण्याचा हक्क

निसर्गात रमत एकट्याने फिरणारा विचारवंत, हे चित्र आपण पुस्तकांत वाचतो. त्याला रस्ता कोणी अडवत नसतो. आपल्या पूर्वजांचा अनुभव वेगळा आहे. १९२४-२५चा वायकोम सत्याग्रह मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठीच होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषदेचे प्रतिनिधी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली रांगेने चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्याले. अंतर थोडेच होते, पण ते चालायला शतके लागली होती. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.

म्हणून आपल्यासाठी चालण्याचे तत्त्वज्ञान ‘मी कोण’ या प्रश्नावर थांबत नाही. हा रस्ता कोणाचा, येथे आजही कोण निर्धास्त चालू शकत नाही, हेही त्यात आलेच पाहिजे.

कंबोडियाची धम्मयात्रा

ध्यान आणि लोककार्य चालण्यात एकत्र कसे येतात, याचे अलीकडचे उदाहरण कंबोडियाचे आहे. ख्मेर रूजच्या राजवटीत भिक्खुसंघ जवळजवळ नष्ट झाला होता. १९९२ साली भदंत महाघोसानंद यांच्या नेतृत्वाखाली भिक्खू, उपासक, उपासिका आणि निर्वासित थायलंडच्या सीमेवरून नॉम पेन्हपर्यंत चालत आले. युद्ध पुरते थांबले नव्हते आणि परिसरात सुरुंग पेरलेले होते. १९९४च्या यात्रेत गोळीबारात सापडून माणसे दगावली, तरीही पुढच्या वर्षी यात्रा निघाली. महाघोसानंदांचा आग्रह एवढाच होता की प्रत्येक पाऊल शांतीचे असावे.

आपण काय करू शकतो

सुरुवात छोट्या अंतराने करावी. मळवली स्थानकावर उतरून भाजे आणि कार्ले या दोन्ही लेण्यांना पायी जाता येते. ही लेणी जुन्या व्यापारी वाटेवर आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, यवनही आहेत. प्रतीत्यसमुत्पाद शिकायला यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही. भिक्खूंचे चालणे किती जणांच्या श्रमावर आणि दानावर उभे होते, ते तेथे दगडात कोरलेले आहे.

मोठ्या पदयात्रेसाठी आम्ही पुढील गोष्टी सुचवतो :

- रोज एकच विषय घ्यावा, उदा. वेदना, तृष्णा, मैत्री, समता.
- पहाटेचा पहिला तास मौनात चालावे. मोबाइल पिशवीत, डीजे नको.
- दुपारी गावात थांबावे. आधी लोकांचे ऐकावे, मग आपले सांगावे.
- रात्री विहारात बसून दिवसभर काय दिसले ते प्रत्येकाने सांगावे. मुलींना आणि नवख्यांना आधी बोलू द्यावे.
- वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असावा. सोणाची गोष्ट विसरू नये.
- ज्येष्ठ आणि दिव्यांग बांधवांनी विहाराच्या अंगणात त्याच विषयावर चंक्रमण करावे किंवा बसून ध्यान करावे. तेही यात्रेतच आहेत.

किती किलोमीटर झाले याची नोंद जरूर ठेवा. पण किती घरांत बसलो, कोणाचे ऐकून आपले मत बदलले आणि पाय दुखत असताना मन कोठे होते, याचीही नोंद ठेवा. यात्रा संपल्यावर वस्तीतल्या कामाला तीच वही उपयोगी पडेल.